पेशीतला बदल आणि पापाचा हिशेब

पाळीशी निगडित दुखणे स्त्रीच्या वाट्याला का येते, या प्रश्नाचे एक ठरलेले उत्तर मराठी घरांत पिढ्यानपिढ्या ऐकवले गेले आहे. भाद्रपद शुद्ध पंचमीला, गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, स्त्रिया ऋषिपंचमीचे व्रत करतात. आघाड्याच्या काडीने दात घासायचे, स्नान करायचे, सप्तर्षी आणि अरुंधती यांची पूजा करायची, बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही. अळू, माठ, शिराळी, पडवळ, भेंडी, सुरण, भोपळा यांची ऋषीची भाजी खायची. व्रताबरोबर वाचली जाणारी कथा विदर्भातली आहे. उत्तंक नावाचा ब्राह्मण, त्याची बायको सुशीला आणि वैधव्य येऊन माहेरी परतलेली त्यांची मुलगी. एके दिवशी त्या मुलीच्या अंगात किडे पडलेले दिसतात. बाप ध्यान लावून पाहतो तेव्हा कारण कळते: मागच्या जन्मी तिने रजस्वला असताना घरातल्या भांड्यांना हात लावला होता आणि ऋषिपंचमीच्या व्रताची हेळसांड केली होती. ती व्रत करते आणि त्या भोगातून सुटते.

कथा छोटी असली तरी तिच्या पोटात एक पूर्ण तत्त्वज्ञान आहे. रोगाला कारण असतेच, ते कारण रोग्याच्याच वागण्यात असते आणि स्त्रीच्या बाबतीत ते तिच्या पाळीपाशी सापडते. यातले पहिले विधान वैद्यकशास्त्रालाही मान्य आहे. उरलेल्या दोहोंचे काय, हे तपासायला एंडोमेट्रिओसिस या आजाराइतके योग्य उदाहरण दुसरे नाही. तो पाळीच्याच ऊतीचा आजार आहे, त्याचे काही कर्करोगांशी नाते आहे आणि ते नाते गेल्या पंधरा वर्षांत थेट जनुकांच्या पातळीवर उलगडले आहे.

रत्नागिरीपासून सुमारे २५ किलोमीटरवर समुद्रकाठी असलेल्या गणपतीपुळ्यात चतुर्थी-पंचमीची ही जोडी वेगळ्या रीतीने भेटते. तिथे डोंगर हाच गणपती. देव स्वयंभू आहे, त्यामुळे प्रदक्षिणा घालायची तर ती सगळ्या टेकडीला. घरोघर मातीची मूर्ती आणण्याची रीत गावात नाही. चतुर्थीला गावकरी गाभाऱ्यात जाऊन देवाचे दर्शन घेतात. एवढी जवळीक मिळते त्या दिवशीच कावळा शिवला, तर रिवाजाप्रमाणे बाईने घरी थांबायचे. शिवपुराणातली गणेशजन्माची कथा इथे आठवावी अशी आहे. पार्वतीने आपल्या अंगावरच्या मळातून घडवलेला मुलगा म्हणजे हा देव. देहाने टाकून दिलेल्या द्रव्यातून ज्याचा जन्म झाला, त्याच्यापासून देहाने टाकून दिलेल्या रक्ताच्या कारणाने स्त्रीने दूर राहायचे, या विसंगतीची परंपरेत फारशी चिकित्सा झालेली नाही. ती व्हायला हवी होती.

सणाच्या तोंडावर अनेक घरांत पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या आणल्या जातात. त्यांत नॉरएथिस्टेरॉन नावाचे संप्रेरक असते. अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून ते घेतले की गर्भाशयाचे अस्तर टिकून राहते आणि रक्तस्राव लांबतो. हेच औषध स्त्रीरोगतज्ज्ञ एंडोमेट्रिओसिसच्या रुग्णाला महिनोन्‌महिने देतात, कारण ते अस्तराची वाढ आणि महिन्याचा रक्तस्राव रोखते. एकच गोळी एकीकडे सोवळे सांभाळण्यासाठी आणि दुसरीकडे वेदना थांबवण्यासाठी. सोवळ्यासाठी ती न विचारता दुकानातून येते. वेदनेसाठी मात्र बाई डॉक्टरकडे जायला कित्येक वर्षे घेते, कारण पाळीत पोट दुखायचेच असे तिला आईने आणि आईला आजीने सांगितलेले असते.

पाळीचा पापाशी संबंध जोडण्याचे मूळ फार जुने आहे. तैत्तिरीय संहितेत इंद्र विश्वरूपाला मारतो आणि ब्रह्महत्येचा दोष त्याला लागतो. तो दोष वाटला जातो. एक वाटा पृथ्वी घेते, एक वृक्ष आणि एक स्त्रिया. स्त्रियांनी घेतलेला वाटा रजाच्या रूपाने प्रकट होतो, असे तिथे सांगितले आहे. भागवतात वाटेकरी चार होतात, पाण्याचीही त्यात भर पडते. या कथेत पाप स्त्रीचे नाहीच. ते इंद्राचे आहे, तिने वर घेऊन त्याचा भार उचलला आहे. ऋषिपंचमीच्या कथेपर्यंत येता येता हा भार तिचा स्वतःचा अपराध होऊन बसला. दुसऱ्याचे ओझे वाहणारी व्यक्ती कालांतराने त्या ओझ्याची गुन्हेगार ठरावी, हा धर्मेतिहासातला अतिशय अन्यायाचा बदल आहे.

त्याला विरोधही याच भूमीतून झाला. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी स्त्रियांना शिष्य म्हणून स्वीकारले. नाकाडोळ्यांतून जसा स्राव वाहतो तसाच हाही एक देहाचा स्राव, त्याचा विटाळ मानण्याचे कारण नाही, ही भूमिका महानुभाव परंपरा त्यांच्या नावाने सांगते. चौदाव्या शतकात चोखोबांच्या पत्नी सोयराबाईंनी प्रश्न आणखी मुळाशी नेला. देह ज्यातून घडतो तेच अपवित्र ठरवले, तर शुद्ध देह कोणाचा उरेल, असा त्यांच्या अभंगांतला रोख आहे. जातीचा विटाळ आणि पाळीचा विटाळ एकाच मुशीतले आहेत हे त्यांनी ओळखले होते. दोन्ही सोसलेल्या बाईला ते ओळखायला ग्रंथाची गरज नव्हती.

वैद्यकाची परंपरा या दोन टोकांमध्ये कुठे उभी होती, हेही पाहण्यासारखे आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातल्या तिसाव्या अध्यायात स्त्रीरोगांचे वीस प्रकार येतात आणि त्यांची कारणे चार दिली आहेत: चुकीचा आहारविहार, दूषित आर्तव, बीजदोष आणि दैव. दैव आहे, पण ते चारांपैकी एक आणि यादीत शेवटी. याच अध्यायातल्या उदावर्ता या प्रकारात वायू रजाला वर ढकलतो, ते कष्टाने बाहेर पडते आणि बाहेर पडताच बाईला आराम वाटतो, असे वर्णन आहे. हा एंडोमेट्रिओसिसचा प्राचीन शोध म्हणणे ओढाताणीचे होईल. पाळीतल्या तीव्र वेदनेचे ते प्रामाणिक निरीक्षण आहे. महत्त्वाचे हे की त्या वर्णनात कुठल्याही जन्मीच्या भांड्याला हात लागलेला नाही. वैद्य बाईची चौकशी करतो, तिच्यावर आरोप करत नाही.

एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर रुजते. बीजांडकोश, ओटीपोटाचे आतले आवरण, गर्भाशय आणि गुदाशय यांमधली खोलगट जागा, कधी आतडे, कधी मूत्राशय, अशी तिची ठिकाणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननवयातल्या सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरात १९ कोटींच्या आसपास स्त्रिया आणि मुलींना हा आजार आहे. पाळीत असह्य दुखणे, संबंधाच्या वेळी किंवा शौचाच्या वेळी वेदना, मूल न होणे, कायमचा थकवा ही त्याची रूपे. निदानाला वर्षे लागतात. मुंबईत परळला असलेली भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची प्रजनन आरोग्यविषयक राष्ट्रीय संस्था या आजारावर काम करते, तेव्हा भारतीय स्त्रियांची स्वतःची माहिती आता जमू लागली आहे.

बीजांडकोशातली गाठ हे या आजाराचे सर्वात ओळखीचे रूप. बाहेर पडायला वाट नसलेले रक्त तिथे महिन्यामागून महिना साठते. शस्त्रक्रियेत गाठ उघडली की दाट, चिकट, गडद तपकिरी द्रव वाहतो. डॉक्टरांनी म्हणूनच तिला चॉकलेट सिस्ट हे नाव दिले. तो रंग जुन्या रक्ताचा आहे आणि धोक्याचे एक मूळही त्यातच आहे. तांबड्या पेशी फुटतात, त्यांतले लोह मोकळे होते. मोकळे लोह हायड्रोजन पेरॉक्साइडशी भिडले की अतिशय आक्रमक रेणू तयार होतात आणि ते भोवतालच्या पेशींच्या डीएनएवर घाव घालतात. त्या जागी दाह सतत असतो. शिवाय ही ऊती स्वतःपुरते इस्ट्रोजेन तयार करू शकते: दाहातून निघणारे प्रोस्टाग्लँडिन अ‍ॅरोमाटेज नावाच्या विकराला चालना देते, त्यातून इस्ट्रोजेन वाढते, इस्ट्रोजेनमुळे पुन्हा दाह वाढतो. वाढीला लगाम घालणाऱ्या प्रोजेस्टेरॉनला मात्र ती पुरेशी दाद देत नाही. घाव, दाह आणि वाढीचा हुकूम हे तिन्ही एका जागी वर्षानुवर्षे राहिले, तर एखाद्या पेशीची वाट चुकण्याची शक्यता वाढते.

हे नाते प्रथम मांडले ते अमेरिकेतल्या ऑल्बनी शहरातले शल्यविशारद जॉन सॅम्पसन यांनी. १९२५ मध्ये त्यांनी बीजांडकोशातला कर्करोग एंडोमेट्रिओसिसमधून उगवला असे कधी म्हणावे याचे निकष दिले आणि १९२७ मध्ये आजाराच्या उगमाची उपपत्ती सांगितली. पाळीचे काही रक्त बीजवाहिन्यांतून उलटे पोटात जाते, त्यातल्या पेशी तिथे रुजतात. पुढे असे दिसले की बीजवाहिन्या मोकळ्या असलेल्या सुमारे ९० टक्के स्त्रियांमध्ये पाळीच्या वेळी रक्त उलटे वाहते. म्हणजे उलट वाहणे हा नियम आहे, रुजणे हा अपवाद. सॅम्पसन यांची उपपत्ती त्यामुळे खोटी ठरत नाही, पण अपुरी पडते. तीच गोष्ट नव्वद जणींना घडते, आजार मात्र दहा जणींना होतो. मधला फरक प्रतिकारशक्ती, संप्रेरके, आनुवंशिकता आणि योगायोग यांत वाटला गेला आहे.

कर्करोगाच्या दुव्याचा ठोस पुरावा २०१० मध्ये मिळाला. कॅनडातल्या व्हँकुव्हर येथील संशोधकांच्या गटाला क्लिअर सेल प्रकारच्या ११९ बीजांडकोश-कर्करोगांपैकी ५५ मध्ये, म्हणजे ४६ टक्क्यांत, एआरआयडी१ए या जनुकात बिघाड आढळला. एंडोमेट्रिऑइड प्रकारच्या ३३ पैकी १० मध्ये तो होता. बीजांडकोशाच्या सर्वात जास्त आढळणाऱ्या, हाय-ग्रेड सीरस प्रकारच्या ७६ नमुन्यांपैकी एकातही नव्हता. हे जनुक जे प्रथिन बनवते ते पेशीतल्या डीएनएच्या गुंडाळीची कोणती जागा उलगडायची आणि कोणती मिटलेली ठेवायची हे ठरवणाऱ्या यंत्रणेचा भाग आहे. ते गेले की वाढ आवरणाऱ्या अनेक सूचना एकदम निकामी होतात. या गटाला निर्णायक गोष्ट दिसली ती दोन रुग्णांमध्ये. गाठीला लागून असलेल्या, अजून कर्करोग न झालेल्या एंडोमेट्रिओसिसच्या ऊतीतही तोच बिघाड होता, दूरच्या ऊतीत नव्हता. एकाच घराण्यातल्या दोन पिढ्या एका काचपट्टीवर सापडाव्यात, असा तो पुरावा होता.

इथे गोष्ट संपली असती तर ती सरळ झाली असती: आधी बिघाड, मग कर्करोग. पण २०१७ मध्ये वेगळेच दिसले. आतड्यापर्यंत किंवा खोल स्नायूत रुतलेल्या, पण क्वचितच कर्करोगाकडे झुकणाऱ्या प्रकारच्या एंडोमेट्रिओसिसच्या २४ रुग्णांची तपासणी झाली. कर्करोग कोणालाच नव्हता. तरी १९ जणींच्या ऊतीत जनुकीय बदल होते आणि ५ जणींमध्ये एआरआयडी१ए, पीआयके३सीए, केरास, पीपीपी२आर१ए यांसारख्या, कर्करोगाला चालना देणाऱ्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जनुकांत. २०१८ मध्ये जपानी संशोधकांनी याच्याही पुढे जाऊन दाखवले की एंडोमेट्रिओसिस नसलेल्या गर्भाशयाच्या अस्तरातल्या ग्रंथींतही केरास आणि पीआयके३सीएचे बदल असतात. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या अभ्यासाने या निरोगी ग्रंथींतले असे बदल फार लवकरच्या वयात सुरू होतात, वयाबरोबर वाढतात आणि बाळंतपणांबरोबर कमी दिसतात, असे नोंदवले. दर महिन्याला नव्याने उभ्या राहणाऱ्या ऊतीत पेशी अखंड विभागतात; विभागताना नकलेत चुका होतात; बहुतेक चुका काहीच करत नाहीत.

जोखमीचे आकडे या पार्श्वभूमीवर वाचायला हवेत. २०१२ मध्ये १३ अभ्यासांची माहिती एकत्र केली गेली. एंडोमेट्रिओसिस असलेल्या स्त्रियांत क्लिअर सेल कर्करोगाचे प्रमाण सुमारे तिप्पट, एंडोमेट्रिऑइड आणि लो-ग्रेड सीरस प्रकारांचे दुप्पट निघाले. हाय-ग्रेड सीरसशी संबंध दिसला नाही. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यातील पाहणीत एकंदर बीजांडकोश-कर्करोगाची जोखीम सुमारे चौपट आणि खोल रुतलेला आजार किंवा बीजांडकोशातली गाठ असल्यास जवळजवळ दहापट दिसली. दहापट हा शब्द ऐकून कोणाच्याही पायाखालची जमीन सरकेल. पण त्याच पाहणीचा दुसरा हिशेब असा आहे की दर दहा हजार स्त्रियांमागे यामुळे जास्तीचे कर्करोग सुमारे दहा. मुळात लहान असलेली संख्या कितीही पटींनी वाढली तरी लहानच राहू शकते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा या आजाराशी असा धागा नाही. त्याचे कारण एचपीव्ही हा विषाणू आहे. कारण इतके नेमके कळले की काय साधते तेही महाराष्ट्राने पाहिले आहे: तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून सव्वा लाखाहून जास्त स्त्रियांवर झालेल्या चाचणीत एकदा केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू निम्म्यावर आणले.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येते. रेणूंच्या पातळीवरचे हे वर्णन कारण देते, पण दोष कोणाच्याच पदरात टाकत नाही. लोह, दाह, इस्ट्रोजेन, नकलेतली चूक. यांत कुठेही कर्ता नाही. कर्मसिद्धान्ताचे बळ नेमके इथेच होते की त्याने कारण आणि दोष एकत्र बांधले. जगात अकारण काही घडत नाही, दुःखही नाही, हे आश्वासन त्यातून मिळे. त्या आश्वासनाची किंमत म्हणून दुःखी माणसाने स्वतःला अपराधी मानायचे. साठत जाणाऱ्या जनुकीय बदलांना संचित म्हणावे, असा मोह काहींना होतो. तो टाळलेला बरा. संचिताला मालक लागतो. केलेल्याचे फळ करणाऱ्याला मिळते, ही त्याची अट आहे. जनुकातल्या बदलाला मालक ठाऊक नसतो. तो सज्जन बाईच्या पेशीत आणि दुर्जन बाईच्या पेशीत एकाच हिशेबाने होतो.

मग उरतो योगायोग. भारतीय विचाराला तो परका नाही. श्वेताश्वतर उपनिषदाच्या पहिल्याच अध्यायात जगाचे कारण काय असू शकेल याची चर्चा करताना काल, स्वभाव, नियती यांच्याबरोबर यदृच्छेचेही नाव घेतले आहे. ते उत्तर तिथे पुरेसे मानलेले नाही, पण विचारात घेण्याजोगे मानले आहे. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या टोमासेट्टी आणि व्होगेलस्टाइन यांनी दाखवले की वेगवेगळ्या अवयवांतल्या कर्करोगाच्या प्रमाणातला बराचसा फरक त्या अवयवातल्या मूळपेशी किती वेळा विभागतात यावरून सांगता येतो. त्यावर पुष्कळ वाद झाला आणि तो योग्यच होता, कारण दोन अवयवांतला फरक समजावणे आणि एका माणसाच्या आजाराचे कारण सांगणे या वेगळ्या गोष्टी आहेत. तरी एक मुद्दा टिकला: पेशी जगते याचीच काही किंमत असते आणि ती कोणाला मोजावी लागेल हे वागणुकीवर ठरत नाही.

धार्मिक मनाला हे उत्तर कोरडे वाटते आणि त्या वाटण्याची हेटाळणी करू नये. ‘मीच का’ असे विचारणारी बाई जनुकांची यादी मागत नसते. आपले दुःख निरर्थक आहे हे स्वीकारणे काहींना अपराध स्वीकारण्याहून जड जाते. रत्नागिरीत १८५६ मध्ये जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. ज्या कर्माचे फळ भोगायला सुरुवात झाली आहे ते आणि ज्याचे झालेली नाही ते, असा भेद त्यांना महत्त्वाचा वाटतो. पहिले भोगावे लागते, दुसरे ज्ञानाने नाहीसे होऊ शकते आणि त्या ज्ञानासाठी झटण्यास आत्मा मोकळा आहे. टिळकांचा कर्मवाद माणसाला उभे करण्यासाठी आहे, आजाऱ्याला दोष देण्यासाठी नाही. तो मानणाऱ्या माणसाला उपचार घेण्यात कसलीही अडचण येत नाही. पण टिळकांची मांडणी आणि उत्तंकाच्या मुलीची कथा यांत जे अंतर आहे, ते घरातल्या बाईला कोणी समजावून सांगत नाही. तिच्यापर्यंत पोचते ती कथा.

बौद्ध परंपरेने हा पेच वेगळ्या रीतीने सोडवला. संयुत्तनिकायातल्या सीवकसुत्तात बुद्धांना विचारले जाते की माणसाला होणारे सुखदुःख सगळे पूर्वकर्मामुळेच का. उत्तर नकारार्थी आहे. पित्त, कफ, वात, त्यांचे मिश्रण, ऋतुबदल, निष्काळजीपणा, आघात आणि कर्मविपाक अशी आठ कारणे सांगितली जातात. सगळे कर्मावर ढकलणारे आपल्या अनुभवाच्याही पुढे जातात, असे बुद्ध म्हणतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माची कल्पना आनुवंशिकतेच्या शास्त्राशी ताडून पाहिली. मूल आईबापांकडून वारसा घेते, मागच्या जन्माकडून नाही. शिवाय या कल्पनेचा सामाजिक उपयोगही त्यांनी दाखवला: दीनदुबळ्यांच्या अवस्थेची जबाबदारी समाजाला आणि राज्याला झटकता यावी, हा.

आंबेडकरांचा हा दुसरा मुद्दा स्त्रीरोगांना फार अचूक लागू पडतो. जोखीम ही संकल्पना नीट समजावली नाही, तर ती नव्या भाषेतले प्रारब्ध होऊन बसते. फक्त ते वाचून दाखवणारा बदलतो. युरोपातल्या प्रजननवैद्यक संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना याबाबत स्पष्ट आहेत. एंडोमेट्रिओसिस असलेल्या स्त्रीला कर्करोगाची जोखीम थोडी वाढते पण एकूण कमीच राहते हे सांगावे आणि केवळ या आजारापायी सरसकट कर्करोग-तपासण्या करू नयेत. लक्ष कुठे ठेवायचे तेही ठाऊक आहे. गाठीत घट्ट भाग दिसू लागणे, ती वेगाने वाढणे आणि विशेषतः पाळी गेल्यानंतर वाढणे. ऋषिपंचमीच्या व्रताचे उद्यापन पाळी गेल्यावर करतात, कारण रिवाजाच्या दृष्टीने विषय तिथे मिटतो. बीजांडकोशात राहिलेल्या जुन्या गाठीच्या बाबतीत तो मिटलेला नसतो आणि साठीतल्या बाईचे ओटीपोटाचे दुखणे म्हणूनच ‘आता कसले दुखणे’ म्हणून उडवून लावण्याजोगे नाही.

भीतीचा गैरवापर कोणत्या थराला जातो, ते बीड जिल्ह्यात दिसले. ऊसतोडीला जाणारे नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची आणि हंगामभर फेडायची. एक दिवस काम बुडाले की खाडा, त्याचा दंड. पाळीत, गरोदरपणात, पोटदुखीत सुटी नाही. फडावर न्हाणीघर नाही, पुरेसे पाणी नाही. अशा बाया पांढरे पाणी जाते, पोट दुखते म्हणून दवाखान्यात गेल्या, तेव्हा पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल असे त्यांतल्या अनेकींना सांगण्यात आले. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८० हजारांवर ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांत ऐन तारुण्यातल्या बायाही होत्या.

या बायांना एंडोमेट्रिओसिस होता की जंतुसंसर्ग की आणखी काही, हे शस्त्रक्रियेपूर्वी नीट पाहिले जाणे हाच खरा उपचाराचा आरंभ होता. एंडोमेट्रिओसिस असेल तर नुसते गर्भाशय काढून तो जात नाही, कारण ऊती गर्भाशयाबाहेर रुजलेली असते. बीजांडकोश लहान वयात काढले तर हाडे ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. उत्तंकाच्या मुलीला सांगितले गेले की दोष तुझ्या हातांचा. ऊसतोड बाईला सांगितले गेले की दोष तुझ्या पिशवीचा. दोन्हीकडे उकल तिच्या देहात शोधली गेली आणि खाडा लावणारा, पाणी न देणारा, तपासणी न करता सुरी उचलणारा हिशेबाबाहेर राहिला. रेणूंचे शास्त्र दोष देत नाही म्हणून जबाबदारीचा प्रश्न सुटत नाही. उलट देहाला निर्दोष ठरवल्यावरच तो योग्य जागी विचारता येतो.

पेशीतला बदल कोणाचा गुन्हा नाही. वेदना वर्षानुवर्षे ऐकून न घेणे, तपासण्यांशिवाय कॅन्सरचे नाव घेणे, बाईला कामावरून एका दिवसाची सुटी न देणे, या मात्र माणसांनी केलेल्या कृती आहेत आणि कर्म हा शब्द वापरायचाच असेल तर तो इथे लागू होतो. प्रकरण उघडकीस आल्यावर बीडमधल्या खासगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन घालण्यात आले.